बिनव्याजी रामराम

पांढरकवड्याच्या बसस्टँडवर, भर बाजाराच्या दिवशी, जया राठोड हिने मला पाहिले आणि रामराम घातला नाही.

बाब वरवर किरकोळ दिसते. पण जयाचा कर्जाचा अर्ज आमच्या निधीकडे प्रलंबित होता, आणि प्रलंबित अर्जदाराने खुद्द सचिवाच्या समोरून हातातली पिशवी सांभाळत निघून जावे, हे आमच्या कार्यपद्धतीत बसत नव्हते. मी घरी न जाता तडक अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष सदाशिवराव जेवायला बसले होते. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"पाह्यलं होतं का तिनं तुमाले?"

"चांगलं डोळे भरून पाह्यलं."

"चष्मा घरी राह्यला असन तिचा."

"तिले चष्माच नाई जी."

"मंग तं हे जाणूनबुजून झालं," सदाशिवराव म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी तातडीची सभा लावण्यात आली.

सभेत काय ठरले ते सांगण्याआधी निधीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण आमचा फलक हायवेवरून दिसत असला तरी लोक हल्ली फलक वाचत नाहीत.

हा निधी मूळचा सिस्टरचा. रिबेकाबाई झिराडकर आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आल्या, निवृत्त झाल्या आणि इथेच राहिल्या. त्या अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या यहुदी. गावाला आधी वाटले होते की यहुदी बाई म्हणजे इंग्रजीत बोलणार. सिस्टर आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत आणि आमच्या मराठीला पदराआड हसत. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावत, शनिवारी पैशाला हात लावत नसत, आणि वर्षातून एकदा गूळखोबरे घातलेल्या पोह्यांचा मलिदा करून साऱ्या गल्लीत वाटत.

त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा होता. कुणाला लहानसा धंदा टाकायचा असला की तो सिस्टरकडे जाई, आणि सिस्टर डब्यातले पैसे त्याला बिनव्याजी देत. "आमच्यात याला गमाख म्हणतात," एवढेच त्या सांगत. देण्याची तऱ्हाही न्यारी. दवाखान्यात गोळ्यांसाठी कागदी पाकिटे असतात, तसल्या पाकिटात घालून द्यायच्या. कुणी पाहिलेच तर त्याला वाटावे, खोकल्याच्या गोळ्या नेतो आहे. या पाकिटांवर गावात शिलाई मशिनी आल्या, इस्त्रीची दुकाने उभी राहिली, एकाने तर बँडपथकासाठी ढोल घेतला. आणि गावाला कित्येक वर्षे एवढेच वाटत राहिले की आपल्याकडे खोकल्याची साथ फार.

मग सिस्टरचे गुडघे गेले. ठाण्याची भाची त्यांना न्यायला आली. जाण्याआधी त्यांनी आम्हा तिघांना घरी बोलावले. सदाशिवरावांची कापसाची मोठी शेती, त्यामुळे त्यांना पैशाची गरज नाही. विमलताई महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्यांना हिशेब येतो. मी पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत जन्म काढला, मला नियम येतात. आमची निवड या गुणांमुळे झाली असे आम्ही समजत होतो. सिस्टर म्हणाल्या, "तुम्हा तिघांनाही मी इंजेक्शनं दिली आहेत. एकही ओरडलं नव्हतं. म्हटलं, दुसऱ्याला द्यायची वेळ आली तरी ओरडणार नाहीत."

डबा आमच्यापुढे सरकवून त्यांनी दंडक सांगितले. "व्याज घ्यायचं नाही."

"छे छे," आम्ही म्हणालो.

"पैशाचंच म्हणत नाही मी. पैसे देण्याआधी जो माणूस तुम्हाला रामराम घालत नव्हता, तो नंतर घालायला लागला, तर तेही व्याजच. आमच्या शास्त्रातच आहे तसं. तेही घ्यायचं नाही."

सदाशिवराव हसले. "सिस्टर, रामराम कोणी मोजते का जी?"

"ज्याला मिळत नाही तो मोजतो," सिस्टर म्हणाल्या. "आणि पैसे दिलेत त्याच्या दारावरून उगाच जाऊ नका. तुम्हाला बघून त्याची मान खाली जाते. मागच्या गल्लीनं जा. चार पावलं जास्त पडतील, एवढंच."

आम्ही माना डोलावल्या. सिस्टरची बस नागपूरच्या रस्त्याला लागली आणि आम्ही कामाला लागलो.

सर्वप्रथम डब्यातली रक्कम बँकेत टाकली आणि डबा काचेच्या कपाटात ठेवला. निधीला रीतसर नाव दिले. फलक करवून घेतला. त्यावर आम्हा तिघांचे फोटो आले, सिस्टरचा हाताशी नव्हता म्हणून डब्याचा टाकला. गोळ्यांच्या पाकिटाची पद्धत पारदर्शक नसल्यामुळे बंद केली आणि धनादेश जाहीर कार्यक्रमात, हार घालून देण्याचे ठरवले. मात्र नियमाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. रामरामाचा दंडक मी उपविधीत जसाच्या तसा घातला: 'कर्जदाराने कर्जानंतर समिती सदस्यांस पूर्वीपेक्षा अधिक नमस्कार करू नये.' आजतागायत कुठल्याही सहकारी संस्थेच्या उपविधीत असा नियम माझ्या पाहण्यात नाही.

पहिले कर्ज देवीलालला दिले. त्याचे हायवेवर पंक्चरचे दुकान आहे आणि त्याला हवेचा नवा पंप हवा होता. देवीलालने हार घालून घेतला, फोटो काढून घेतला, पंप आणला, आणि दुसऱ्या दिवसापासून सदाशिवरावांच्या समोरून खुशाल शीळ घालत जाऊ लागला.

"आधी तो तुमाले रामराम घालत होता का?" मी सदाशिवरावांना विचारले.

"आधी मी त्याले ओळखतच नव्हतो."

"मंग नियमात बरोबर हाये जी. वाढ नाई."

"नियमात असन," सदाशिवराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पन जिवाले लागते ना, सचिवसाहेब."

विमलताईंचेही तेच दुखणे होते. "त्याची बायको माह्या बाजूनं उभी राहून भेंडी घेत होती. मी हातभर अंतरावर. मी काय तिले शालू मागून राह्यली का? नुसतं 'ताई' म्हटलं असतं तं जीभ झिजली असती तिची?"

खरे सांगायचे तर मलाही लागत होते. माणूस पैशाचे व्याज सोडतो ते काहीतरी मनात धरूनच सोडतो. आम्ही ते सोडले होते, आणि बदल्यात गावाने आमच्याकडे पाहणेही सोडले होते. देवीलालने पै न् पै वेळेवर फेडली, त्यामुळे त्याला दोन शब्द ऐकवण्याचीही सोय उरली नाही.

अशा वेळी आस्थापना शाखेचा अनुभव कामाला येतो. मी उपविधी काढून बसलो आणि दुसऱ्या दिवशी समितीसमोर म्हणालो, "नियमात नमस्काराला बंदी नाई. वाढीला बंदी हाये. कर्जाआधी जेवढा, तेवढा नंतर चालते. म्हंजे आधीच भरपूर असला, तं नंतरही भरपूर चालन."

सदाशिवराव खुर्चीतून उठले. "अगोदरच घालून ठेवाचा?"

"अगोदरच."

"अन् सिस्टरचा शब्द?"

"कुठं मोडला? उलटा पाळला."

विमलताईंनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

अशा रीतीने 'मूळ नमस्कार पातळी' अस्तित्वात आली. कार्यालयीन सोयीसाठी आम्ही तिला मूनपा म्हणतो. अर्ज आला की अर्जदाराने काही काळ सदस्यांना नमस्कार करीत राहायचे, त्यावरून त्याची पातळी काढायची, आणि पातळी निश्चित झाली की कर्ज. कर्जानंतर त्याने पातळीच्या वर जाऊ नये, खालीही येऊ नये. गावात दवंडी द्यावी लागली नाही. चार दिवसांत सदाशिवरावांच्या ओट्यावर सकाळी पाय ठेवायला जागा उरली नाही.

फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या बाबूसिंगला भाड्याने द्यायला स्वतःचा पंप घ्यायचा होता, तो रोज पहाटे यायचा. तो आधी एका हाताने रामराम घालायचा, मग दोन्ही हातांनी घालू लागला, मग सदाशिवरावांची खुर्ची उन्हातून सावलीत उचलून ठेवू लागला. रुपालीला पार्लरसाठी फिरती खुर्ची घ्यायची होती. तिने विमलताईंचे फेशियल केले, मग विमलताईंच्या सुनेचे, मग सुनेच्या बहिणीचे. कुणी तुरीच्या शेंगा आणी. तुरीचा हंगाम सरला तेव्हा हरभऱ्याच्या जुड्या सुरू झाल्या. माझ्या घरी इतका हरभरा झाला की शेजारी मला शेतकरी समजू लागले. हे सगळे कर्ज देण्याआधीचे असल्यामुळे यात व्याजाचा लवलेशही नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो.

एक तांत्रिक अडचण मात्र उभी राहिली. ज्याची पातळी रोज चढते आहे, त्याची सरासरी काढायची कधी? आज काढावी तर उद्या तो पाया पडतो आणि आजची पातळी खोटी ठरते. मंजुरी पुढे ढकलण्यावाचून इलाज नव्हता. शिवाय सदाशिवरावांच्या एक गोष्ट ध्यानात आली.

"कर्ज भेटलं का माणूस आहे तिथंच थांबते," ते म्हणाले. "चढून राह्यलेला माणूस कायले थांबवाचा?"

समितीने हा विचार एकमताने मान्य केला. संक्रांतीपासून एकही कर्ज मंजूर झाले नाही, आणि निधीचा लौकिक कधी नव्हता एवढा वाढला.

जया याच दिवसांत आली. ती केळापूरकडच्या तांड्यावरची. नवरा संजय हायवेला ट्रक चालवतो, आणि त्याच्या ओळखीने जया हायवेवरच्या ढाब्यांना लाल तिखट पुरवते. मिरची दुसऱ्याच्या कांडप मशिनवर कांडावी लागे. ऐन उन्हाळ्यात, साऱ्या गावाची वर्षाची मिरची निघते तेव्हा, मशिनवाला आधी आपले काम उरकी आणि हिला दिवसदिवस बसवून ठेवी. तीन ढाबे त्यामुळेच तुटले होते. यवतमाळला एक वापरलेली मशिन विकायला होती आणि मालक होळीपर्यंत थांबायला तयार होता. पाऊस पडला की मिरची सर्द होते आणि कांडप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. म्हणजे हा उन्हाळा हुकला की वर्ष हुकले, आणि उरलेले ढाबेही हुकले. हे सगळे तिने एका दमात सांगितले. सोबत तिची सासू लालीबाई होती. ती आमच्या फलकाकडे बघत राहिली.

"तुमची मूनपा काय आहे?" मी विचारले.

"ते काय असते जी?"

"आम्हाला यापूर्वी कधी रामराम घातला होता का?"

"आमच्या तांड्यात जय सेवालाल म्हनते."

या मुद्द्यावर समितीत चर्चा झाली. विमलताईंचे म्हणणे पडले की जय म्हटला तरी तो सेवालाल महाराजांचा होतो, आपल्या पदरात त्यातले काही पडत नाही. सबब पातळी शून्य धरण्यात आली. मी जयाला समजावून सांगितले, की शून्य पातळीवर कर्ज घेतल्यास पुढे आम्हाला कधीच नमस्कार करता येणार नाही, तेव्हा काही दिवस ओट्यावर येऊन पातळी वाढवून घ्यावी.

"राहू द्या ना शून्यच," जया म्हणाली. "फलकावर बिनव्याजी लिहिलं हाये. मी फेडीन ते पुरं फेडीन. रामराम मनात आला तं घालीन, नाई आला तं नाई. मिरची कांडाले रामराम नाई लागत काकाजी, बिजली लागते."

वास्तविक पाहता सिस्टरच्या दंडकात तंतोतंत बसणारा हा आमच्याकडे आलेला एकमेव अर्ज होता. म्हणूनच तो निकाली काढणे अवघड झाले. मी त्यावर 'आपुलकीचा अभाव' असा शेरा मारून ठेवला. जया तरीही ओट्यावर येत राहिली. सदाशिवराव बाहेर आले की सगळे उठत आणि ही बसून राही. ते आत गेले की बाबूसिंगला विचारी, तुह्यं काय अडलं; रुपालीला विचारी, तुह्यं कधीपासून. होळी झाली. मशिनवाल्याने हो-ना करत आणखी थोडे दिवस दिले. ती तेही सांगायला आली, आणि नमस्कार न करता सांगून गेली.

मग बसस्टँडवरची ती घटना घडली.

तातडीच्या सभेत असे ठरले की, इतर अर्जदारांची पातळी चढत असता एकीची पातळी शून्यावर राहणे हे इतरांवर अन्याय करणारे आहे, आणि तिच्याकडे आपुलकीची थकबाकी निघते. तशी नोटीस मी स्वतः लिहिली. 'आपण प्रलंबित असूनही आपल्या वर्तनात प्रलंबित व्यक्तीस साजेशी नम्रता आढळत नाही. सबब सात दिवसांत खुलासा करावा.' भाषा कडक होती, पण सभ्य होती.

खुलासा करायला जया दुसऱ्याच दिवशी सकाळी ओट्यावर आली. नोटीस तिने रुपालीकडून वाचून घेतली. मी आत खिडकीपाशी चहा घेत होतो, त्यामुळे पुढचे सगळे मला ऐकू आले.

"बाबूसिंगभाऊ, संक्रांतीपासून किती हरभरा आणला तुनं इथं?"

"मोजला नाई व. आता आंबे पाहून राह्यलो."

"अन् रुपाली, तुह्यी क्रीम?"

रुपालीने सांगितले. क्रीम महाग असते हे मला तेव्हा कळले.

"हे सारं एका ठिकानी टाकलं असतं, तं आतापावतर एकाचं तरी काम झालं असतं का नाई?" जया म्हणाली. "आताही होईन. ज्याचा हंगाम आधी, त्याचं आधी. उन्हाळा माहा. पानी पडलं का फवारनी, तवा बाबूसिंगभाऊचं. दिवाळीनंतर लग्नं, तवा रुपालीचं. ज्याचा हंगाम झाला, तो दुसऱ्याच्या हंगामाले भरते. व्याज नाई का काही नाई."

मग बाबूसिंगने विचारले, "अन् मंग मी तुले रोज रामराम घालाचा का?"

"काहून? काल घालत होता का?"

लोक हसले. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुणीही आले नाही. आधी आम्हाला वाटले की कुणी मयत झाले असेल. तिसऱ्या दिवशीही कुणी आले नाही, तेव्हा सदाशिवरावांनी स्वतः खुर्ची उचलून सावलीत ठेवली आणि बसले. रस्त्याने कुणी गेले की ते खाकरत. जाणारा बिचारा, सदाशिवराव थुंकणार असतील असे समजून, मागे वळून पाहात नसे. मी सगळ्या अर्जदारांच्या नावे नमस्काराच्या थकबाकीच्या नोटिसा तयार केल्या. पण विमलताई म्हणाल्या की, ज्याला काही दिलेच नाही त्याला थकबाकीदार म्हणता येते का, हे आधी वकिलाला विचारा. त्यांच्या बोलण्यात हल्ली असा कोरडेपणा येऊ लागला होता.

नेमके याच सुमारास यवतमाळहून पत्र आले. एका सेवाव्रती प्रतिष्ठानाने आमच्या निधीला 'आदर्श बिनव्याजी संस्था' हा पुरस्कार जाहीर केला होता. व्याज शून्य, थकबाकी शून्य, तक्रारी शून्य, असा जिल्ह्यात दुसरा निधी नव्हता. कर्जदारही शून्य आहेत का, असे त्यांनी विचारले नव्हते. सिस्टरना संस्थापक म्हणून बोलावणे गेले होते. अट एकच होती: एका लाभार्थ्याने मंचावर येऊन दोन शब्द मनोगत व्यक्त करावे.

मी देवीलालकडे गेलो. तो ट्रकचे चाक खोलत होता.

"स्टेजवर तुमचे गुण गायले तं ते व्याज होते जी," तो म्हणाला. "तुमच्याच उपविधीत हाये. फोटोवाल्यानं वाचून दाखवलं होतं मले."

मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण नियम मीच लिहिला होता.

उरली जया. तोवर ऊन कडक झाले होते, आणि तिची मशिन बाजाराच्या गल्लीत एका टिनाच्या शेडमध्ये बसली असल्याचे कानावर आले होते. सिस्टरही ठाण्याहून येऊन विमलताईंकडे उतरल्या होत्या. आम्ही तिघे निघालो, सिस्टर काठी टेकत बरोबर निघाल्या. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर मी म्हणालो, "ते पाहा सिस्टर, समोरच कांडप आहे."

सिस्टर थांबल्या. "तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या गल्लीनं जाते."

"मागची लांब पडते. अन् वरून हे ऊन."

"असू दे. गुडघ्यांना चालणं बरं असतं," असे म्हणून त्या भर दुपारी वळल्यासुद्धा.

विमलताई बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहात होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सगळ्याईनं मिळूनही मशिनले कमी पडून राह्यले होते म्हनते. मंग जयाले पोस्टानं ठाण्यावरून पाकीट आलं. गोळ्याईचं. तिले तं खोकला नाई."

"मिरचीच्या धंद्यात होते खोकला," मी म्हणालो. मला त्या वेळी मनोगताची काळजी होती.

शेडमध्ये सगळे होते. बाबूसिंग मशिनच्या पट्ट्याला तेल देत होता, रुपाली पोती मोजत होती, लालीबाई देठ खुडत बसली होती, आणि जया नाकाला पदर बांधून मुसळांखाली मिरची सारत होती. बाहेर बायांची रांग होती. आत पाऊल टाकताच आम्हाला शिंकांनी गाठले. सदाशिवरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ते मिरचीमुळे होते.

मी मनोगताचा विषय काढला. जयाने मशिन बंद केली.

"काय सांगू स्टेजवर?"

"निधीने मदत केली असे."

"तुमी कुठं केली, काकाजी?"

"तुमचा अर्ज तर स्वीकारला होता."

जयाने पदर खाली केला आणि क्षणभर खरोखर विचार केला. "केली तशी मदत. तुमच्या ओट्यावर रोज बसाले लावलं नसतं, तं आमी एकमेकाले कुठं भेटलो असतो? हे सांगू का?"

"नको," सदाशिवराव म्हणाले.

ती पुन्हा मशिनकडे वळली. आमची भेट संपली होती, पण सदाशिवराव जागचे हलेनात. रुमालाने डोळे पुसत ते घुटमळत राहिले. मग म्हणाले, "आमची घरची मिरची कांडाची होती."

"पाठवा. नंबरानं होईन."

"बरं," सदाशिवराव म्हणाले, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, त्यांनी दोन्ही हात जोडले. "रामराम, बाई."

"जय सेवालाल," जयाने मान न वळवता म्हटले आणि मशिन सुरू केली.

पुरस्कार आम्हाला मिळाला. मनोगताच्या जागी माझेच भाषण ठेवण्यात आले. मी आकडेवारी मांडली आणि शेवटी म्हणालो, "मूळ डब्यातल्या रकमेतला एकही पैसा आजवर बुडालेला नाही." टाळ्या झाल्या. मग सिस्टरपुढे माइक नेला.

"बुडेल कसा," सिस्टर म्हणाल्या, "पाण्यात उतरलाच नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तो डबा मला परत देता का? बाबूसिंगच्या पंपाला अजून कमी पडतायत."

ही मागणी कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. डबा नियमानुसार देण्यात आला. रकमेबाबत मी त्यांना अर्ज करायला सांगितले आहे, तो प्रलंबित आहे.

त्यानंतर विमलताईंनी राजीनामा दिला. त्या जयाच्या मंडळाकडे खजिनदार व्हायला गेल्या होत्या, पण तिथे खजिनदार लागत नाही असे त्यांना सांगण्यात आले. आता त्या नुसत्याच जाऊन देठ खुडत बसतात. सबब आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. वाचकांपैकी कुणाची इच्छा असल्यास पात्रता अगदी सोपी ठेवली आहे.

अर्ज नको. फक्त आठवायचे. तुम्ही कधीतरी कुणालातरी अडचणीत पैसे दिले असतील: मेहुण्याला, घरकाम करणाऱ्या बाईला, ऑफिसातल्या शिपायाला. व्याज घेतले नसेल. तुम्ही त्यातले नाहीच. पुढे एक दिवस तो माणूस तुम्हाला रस्त्यात दिसला. नवा शर्ट घातलेला, कुणाशी तरी हसत बोलत होता, आणि तुमच्याकडे न बघता आपल्याच नादात पुढे निघून गेला. त्या वेळी तुमच्या मनात काही आले होते का?

आले असेल, तर तुम्ही पात्र आहात. मी रोज सकाळी बसस्टँडवर उभा राहून भेटेल त्याला हा प्रश्न विचारतो. अजून एकही माणूस अपात्र ठरलेला नाही.